पुढचं चाक, मागचं चाक: स्पोर्ट्स कारच्या टायरांची मापं कशी ठरवावीत

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक टायरवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. म्हणून विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो.

आमच्या सोसायटीत एक तरुण आहे, माझा जुना विद्यार्थी. त्याने जुनी दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेतली, मागच्या चाकांना जोर असणारी. पुढचे टायर होते 225/45 आर 17, मागचे 245/40 आर 17. गाडी मागून जरा भारदस्त दिसावी म्हणून त्याने मागे 275/40 आर 17 असे वापरलेले टायर स्वस्तात बसवले. पावसाळ्यात एका रात्री वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, जोगेश्वरीच्या अलीकडे, साचलेल्या पाण्यात गाडीचा मागचा भाग सुटला, गाडी गर्रकन फिरली आणि दुभाजकावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला. भेटायला गेलो तर मला म्हणाला, "सर, टायर तर मी आणखी रुंद केले होते. मग पकड कमी कशी झाली?"

प्रश्न चांगला आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्याचं उत्तर.

आधी माप वाचायला शिकू. 245/40 आर 17 मधला 245 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 17 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. आर म्हणजे रेडियल. आणि 40? बहुतेकांची गफलत इथे होते. 40 हे मिलिमीटर नव्हेत, ते टक्के आहेत. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 40 टक्के. म्हणजे 245 च्या टायरची भिंत 98 मिलिमीटर, आणि 275 च्या टायरची 110. आकडा तोच, उंची वेगळी!

आता पूर्ण व्यास काढू. 17 इंच म्हणजे 431.8 मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवायची. पुढचा टायर येतो 634 मिलिमीटर. मागचा मूळचा 628. म्हणजे फरक एक टक्का. नवा मागचा टायर मात्र 652. आता मागचं चाक पुढच्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन टक्के मोठं झालं. मोठं चाक त्याच अंतराला कमी फेरे घेतं. एबीएस आणि गाडी सावरणारी यंत्रणा चारही चाकांच्या वेगांची तुलना करून निर्णय घेते. ज्या प्रमाणावर ती बेतलेली आहे तेच आपण बदललं, तर तिला चुकीची साक्ष मिळते. 275 च रुंदी हवी होती, तर 275/35 घ्यायला हवा होता. त्याचा व्यास 624, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. त्यातही रिम पुरेशी रुंद हवी. 275 च्या टायरला साधारण 9 इंच रुंदीची रिम तरी लागते. याची होती 8 इंची. अरुंद रिमवर रुंद टायर आवळून बसवला की त्याच्या भिंती फुगतात आणि वळणावर डुलतात.

पण मूळ प्रश्न राहिलाच. रुंद टायरने पकड वाढते का? शाळेत आपण शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. कोरड्या कठीण वस्तूंपुरतं ते ठीक आहे. रबर तो नियम पाळत नाही. त्याच्यावर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. म्हणून भार जास्त रबरावर पसरला की फायदा होतो.

शिवाय टायर जमिनीला किती टेकतो, हे मुख्यतः भार आणि हवा ठरवतात. 1200 किलोची गाडी घ्या. एका चाकावर 300 किलो. हवा 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार करा: साधारण 133 चौरस सेंटिमीटर. पोस्टाचं कार्ड असतं ना, जवळपास तेवढं. पूर्ण गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते! टायर रुंद केला की कार्ड फारसं मोठं होत नाही, ते आडवं होतं. कोरड्या वळणावर हे आडवं कार्ड उपयोगी पडतं. पाण्यात मात्र त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. त्यात याचे टायर वापरलेले, खाचा झिजलेल्या. पाणी निघायला वाट नाही. टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगला. पुढची चाकं रस्त्यावर, मागची पाण्यावर. मग गाडी फिरणारच.

मग कंपन्या मागे रुंद टायर का देतात? भार आणि जोर कुठे आहे ते पाहून. पोर्शे 911 चं इंजिन मागच्या आसापलीकडे असतं, वजनाचा मोठा वाटा मागे. म्हणून 992 पिढीच्या कॅरेराला पुढे 235/40 आर 19 आणि मागे 295/35 आर 20. आपल्या मुंबईच्या दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली. तिचं इंजिन आसनांच्या मागे, जोर मागच्या चाकांना. अशा रचनेत मागे जास्त रबर लागणं स्वाभाविक आहे. उलट गोव्याच्या सॅन मोटर्सची छोटी सॅन स्टॉर्म पुढच्या चाकांवर चालायची. तिथे ओढणं, वळणं आणि बरंचसं ब्रेकिंग, सगळं पुढेच. अशा गाडीला मागे रुंद टायर लावणं म्हणजे नुसती शोभा. चारही सारखे असले तर पुढचे-मागचे अदलून बदलून वापरता येतात, खर्चही वाचतो.

आणखी एक गोष्ट. वळणावर पुढची पकड आधी सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. ॲक्सिलरेटर सोडला तर सामान्य चालक बहुतेक वेळा ती सावरू शकतो. मागची आधी सुटली तर गाडी फिरते, तो ओव्हरस्टिअर. ते सावरायला सराव लागतो. म्हणून रस्त्यावरच्या गाड्या बहुधा पहिल्या बाजूला झुकवून बनवतात. फक्त पुढे रुंद टायर लावलेत किंवा मागे झिजलेले लावलेत, तर हा झुकाव तुम्हीच उलटवता. दोनच नवे टायर घ्यायचे आणि चारही मापं एक असतील, तर नवे मागे लावा ते याचसाठी.

न्यायसूत्रात गौतमांनी सोळा पदार्थ सांगितले. त्यात प्रमाण, प्रमेय आणि संशय यांच्यानंतर चौथं आहे प्रयोजन. कशासाठी? हे ठरल्याशिवाय विचार पुढे सरकत नाही. तुमची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार आहे की अंधेरी ते मुलुंड? आपल्याकडे खड्डे आहेत, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, चार महिने पाऊस आहे. 30 च्या मालिकेतली पातळ भिंत खड्ड्यात आपटली की रिम वाकते, टायरला फुगा येतो. कंपनीने मान्य केलेल्या मापांत एक इंच लहान रिम असेल आणि ती ब्रेकला अडत नसेल, तर मुंबईत तीच घ्या. भिंत उंच मिळेल.

तर टायरवाल्याकडे जाताना एवढं करा. दाराच्या खांबावरचं माप लिहून न्या. नव्या जोडीचा पूर्ण व्यास काढा, आणि पुढच्या-मागच्या व्यासांचं मूळ प्रमाण एक टक्क्याच्या आत सांभाळा. रिमची रुंदी आणि ऑफसेट तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून टायर कुठे घासतो का ते पाहा. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळच्यापेक्षा खाली नको. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर. बाजूवरचे चार आकडे वाचा: 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. खाचांतली खूण 1.6 मिलिमीटरवर असते, पण पावसाळ्याआधी 3 उरले असतील तरी बदललेले बरे.

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "अरे, तू मागचा टायर निवडलास. निवडायची असते ती जोडी." पुढचं चाक आणि मागचं चाक यांचा निर्णय वेगवेगळा होत नाही. एकाला हात लावलात की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. खांदा बरा झालाय त्याचा. गाडीही दुरुस्त झालीय, मूळच्या मापांवर. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.