खेळाखालची जमीन

चार वडीलधारी माणसे एकत्र जमली आणि बोलणे बाळपणावर आले, की 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य हटकून ऐकू येते, आणि त्याचा शेवट बहुधा आजच्या मुलांविषयीच्या तक्रारीत होतो. मुले घराबाहेर पडत नाहीत, त्यांना मातीचे वावडे झाले आहे, हातातला मोबाइल सुटत नाही, असा एकूण सूर असतो. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अपुरी मात्र आहे. बाळपणाची जी सुखे आज भोगता येत नाहीत, ती सगळी मुलांनी टाकून दिली म्हणून गेली काय? की ज्या आधारावर ती उभी होती, तो आधारच मोठ्या माणसांनी आपापल्या कामासाठी, आणि पुष्कळदा योग्य कारणासाठी, काढून घेतला? या प्रश्नाचा विचार एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवून केलेला बरा. आम्ही भुसावळ निवडतो.

भुसावळ वाढले ते रेल्वेमुळे. 1860 नंतरच्या दशकात जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग थळ घाट चढून खानदेशात उतरला आणि भुसावळास त्याला दोन फाटे फुटले. एक खांडव्यावरून जबलपूरकडे गेला, दुसरा नागपूरकडे. 1870 साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जोडली गेली. वाफेच्या इंजिनाला एका दमात फार लांबचा पल्ला मारता येत नसे. त्याला वाटेत पाणी लागे, कोळसा लागे, भट्टीखालची राख काढावी लागे. त्यामुळे जंक्शनाच्या गावी इंजिने सुटत, जोडली जात, शेडमध्ये जात आणि ताजी होऊन बाहेर येत. मुलांच्या दृष्टीने हा रोजचा, फुकटचा आणि कधी न संपणारा तमाशा होता.

त्या इंजिनात असे काय होते, की मुले तासन् तास पुलावर उभी राहत? आमच्या समजुतीने त्याचे कारण सोपे आहे. त्या यंत्राचे काम उघड्यावर चाले. दांडा पुढेमागे होताना दिसे, त्याने चाक फिरताना दिसे, आणि प्रत्येक झटक्याबरोबर धुराड्यातून धुराचा गोळा निघे. दोन नळकांड्यांच्या इंजिनात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून मोठे चाक एकदा फिरले की चार फुसकारे ऐकू येतात. आपल्या ब्रॉड गेजवरील डब्ल्यूपी जातीच्या, बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते तोंड असलेल्या इंजिनाचे मोठे चाक सुमारे 1.7 मीटर व्यासाचे होते. म्हणजे चार फुसकाऱ्यांत गाडी सुमारे सव्वापाच मीटर पुढे जाई. हे गणित मुलांना कोणी शिकवलेले नव्हते. तरीही गाडी सुटताना फुसकारे मोजायचे, ते मोजता येईनासे झाले की 'पळाली' म्हणायचे, हा खेळ कान असलेल्या कोणालाही येत होता. कारण आणि कार्य यांची ओळख मुलाला पुस्तकाआधी पुलावर होई.

1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ या मार्गावर विजेची इंजिने धावू लागली. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिने बांधणे 1972 साली थांबले, आणि 1995 च्या अखेरीस ब्रॉड गेजवरील वाफेची नियमित वाहतूक संपली. विजेचे इंजिन अधिक वेगाने जाते आणि अधिक भार ओढते. परंतु त्याचे सारे काम पत्र्याच्या पेटीत बंद असते. मुलाला दिसते ती पेटी.

आता यावर आम्ही हळहळावे काय? थोडे हळहळावे, पण बेताने. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनला विजेच्या इंजिनाने सोडवले, हे विसरून चालणार नाही. राखेच्या ढिगाऱ्यातून अर्धवट जळालेले कोळसे वेचणारी जी मुले होती, ती खेळत नव्हती. घरची चूल पेटवण्यासाठी वेचत होती. पुलावरून पाहणाऱ्याची जी मौज होती, ती खाली राबणाऱ्याची नव्हती.

काही मौजा तर गेल्या तेच बरे झाले. रुळावर खिळा किंवा पैसा ठेवायचा आणि गाडी गेल्यावर चपटा झालेला उचलायचा, हा रेल्वेच्या गावांतला आवडता उद्योग. त्यात जीवाला धोका होता आणि आजही आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याने विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा ठरतो, आणि तो नियम योग्यच आहे. आता तर पैसाही उरलेला नाही. 25 पैसे आणि त्याहून लहान नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. वापरलेली पुठ्ठ्याची तिकिटे रंगांप्रमाणे लावून ठेवण्याचा निरुपद्रवी छंदही, तिकीट संगणकावर छापले जाऊ लागताच, बसल्या जागी मेला.

रेल्वेकडून नदीकडे वळू. भुसावळची मुले पोहायला शिकली ती तापीत. केळीचा प्रदेश असल्याने बुंधा मिळायला अडचण नसे. तो छातीखाली घ्यायचा आणि पाय मारायचे. उन्हाळ्यात पाणी आटले की वाळूचे पात्र उघडे पडे. त्या वाळूत हाताने खड्डा करायचा आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने तळाशी स्वच्छ, गार पाणी जमे. यालाच झिरा म्हणतात. वाळूच्या थरातून झिरपताना पाण्यातला गाळ मागे राहतो, आणि वरचा थर त्याचे उन्हापासून रक्षण करतो. हे त्याचे साधे शास्त्र. आपण खोदलेल्या विहिरीचे पाणी ओंजळीने पिण्याचा अभिमान सात-आठ वर्षांच्या मुलाला किती वाटत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

ही मौज कोणी बंद केली? कोणा एकाने नाही. भुसावळच्या वरच्या अंगाला हतनूर येथे तापीवर धरण झाले. ते 1982 साली पुरे झाले. त्याला 41 दरवाजे आहेत. धरणाचे पाणी शेतीला, शहरांना आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला मिळते. ते नको असे कोण म्हणेल? परंतु दरवाजांखालची नदी ही ऋतूप्रमाणे चढणारी आणि उतरणारी जुनी नदी राहत नाही. दरवाजे उघडले की पाणी एकाएकी वाढते, आणि नदीकाठच्या लोकांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागतो. तिकडे घरे बांधण्यासाठी वाळू उपसली गेली. जिथे वाळूचा थरच उरला नाही, तिथे झिरा कशाचा होणार? त्यात वस्तीच्या नाल्यांचे पाणी नदीला मिळाले. आज एखाद्या मुलाने झिरा करून पाणी पिण्याचा हट्ट धरला, तर आपणच त्याचा हात धरून मागे ओढू. आणि ओढलेच पाहिजे. म्हणजे येथे मुलाची आवड तशीच आहे. नदी मात्र तशी राहिली नाही.

तीच गोष्ट विटीदांडूची. या खेळाला सामानाचा खर्च नव्हता, पंच नव्हता, मैदानाची आखणी नव्हती. मोजणीसुद्धा दांडूनेच व्हायची, आणि ती मोजण्याचे शब्द होते वकट, लेंड, मूंड, नाल. हे शब्द तेलुगू-कानडी अंकांशी जुळतात; तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. ज्या मुलाने तेलंगण कधी पाहिले नाही, तो गल्लीत उभा राहून तिथले अंक मोजत होता. भाषा प्रवास कसा करते याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही. आज विटी उडाली तर ती कोठे पडेल? उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेवर, नाहीतर शेजाऱ्याच्या गच्चीत. हुतूतूला कबड्डी म्हणून बांधीव नियम मिळाले, चौकोनी जागा मिळाली, म्हणून तो तगला. 2014 पासून तर त्याचे व्यावसायिक सामने सारा देश पाहतो. विटीदांडूचे नियम गल्लीगणिक वेगळे. गल्ली हेच त्याचे मैदान, आणि गल्ली गेली तेव्हा तोही गेला.

येथपर्यंत आम्ही मुलग्यांच्याच मौजा सांगितल्या, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. स्टेशनचा पूल आणि नदीचा डोह मुलींच्या वाट्याला क्वचितच येत असे. त्यांचा वाटा सणांत होता. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखजी म्हणतात. सासरच्या मुली माहेरी येत, निंबाच्या झाडाला झोके बांधले जात, गौराईची गाणी होत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची 'आखजी' ही कविता निंबावरच्या झोक्यापासूनच सुरू होते. जिला वर्षभर मान वर करून बोलता येत नव्हते, तिला त्या दिवशी झोक्यावर उंच जाता येई. झोक्याची खरी किंमत ही होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसे. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणत, आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला सांगितला जाई. खाऊपेक्षा ओळखण्यातच अधिक गंमत होती.

झोका का गेला? जुन्या धाब्याच्या घरात लाकडी सर असत, त्यांना दोर बांधता येई. सिमेंटच्या छताला आधीपासून कडी ठेवली नसेल तर दोर बांधायला जागाच नाही. रस्त्याकडेचे निंब रस्ते रुंद करताना गेले. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला तेव्हा जुनी सावली तुटताना आपण पाहिली. आणि भुलाबाईला दोन गोष्टी लागतात: संध्याकाळी एकाच वेळी मोकळ्या असणाऱ्या दहा-बारा मुली, आणि त्यांच्यासाठी उघडी असणारी दारे. शिकवणीच्या वेळापत्रकाने पहिली गोष्ट नेली. दुसरी आपण कडी लावून घालवली.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर तीन रकाने होतात. पहिल्या रकान्यात वाफेचे इंजिन, पुठ्ठ्याचे तिकीट, तांब्याचा पैसा. ही काळाबरोबर गेली. त्यांची आठवण ठेवावी, जमल्यास एखादे जुने इंजिन रंगवून उभे करावे, आणि पुढे जावे. दुसऱ्या रकान्यात रुळावरचा खिळा आणि राखेतले कोळसे. ती पुन्हा येऊ नयेत. तिसरा रकाना मात्र आपल्याला स्वस्थ बसू देणार नाही. त्यात नदी आहे, झाड आहे, मोकळी जागा आहे आणि मोकळी वेळ आहे. यांतले काहीही काळाने नेलेले नाही. ते आपण खर्च केले, आणि खर्च करताना मुलांना विचारले नाही.

येथे कोणी म्हणेल, की प्रत्येक पिढी असेच रडते; आजची मुलेही उद्या आपल्या पडद्यावरच्या खेळांसाठी हळहळतील. हळहळतील खरी. परंतु पडद्यावरचा खेळ विकत घ्यावा लागतो आणि त्याचे नियम दुसऱ्याने ठरवलेले असतात. विटीदांडू, झिरा, झोका यांना मालक नव्हता. ज्याच्या घरी काहीच नव्हते त्या मुलालाही ती सुखे मिळत होती. ती गेल्याने श्रीमंताच्या मुलाचे थोडे नुकसान झाले. गरिबाच्या मुलाचे जवळजवळ सगळेच गेले.

मुलांना खेळण्याचा हक्क आहे, असे 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे 31 वे कलम सांगते. भारताने ती संहिता 1992 साली मान्य केली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले. कागदावर जे आहे ते गावात उतरवायला फार मोठा खजिना लागत नाही. वॉर्डातली एक जागा बाकडी, फरशी आणि कुंपण न घालता तशीच मोकळी ठेवावी. नवे घर बांधताना छतात एक कडी ठेवावी. निंबाचे रोप लावताना वीस वर्षांनी तिथे दोर बांधला जाईल, हे ध्यानात धरावे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शिकवणीला सुट्टी द्यावी. आणि नाल्यांचे पाणी शुद्ध झाल्यावाचून तापीत सोडू नये, यासाठी नगरपालिकेकडे दरवर्षी, न कंटाळता, मागणी करावी. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. परंतु गावातले मूल पुन्हा तापीच्या वाळूत खड्डा करून ओंजळभर पाणी पिऊ शकले, तर ती नदी मोठ्यांसाठीही निर्मळ झाली असेल.