ताज्या रंगाआडची भिंत

जुना फ्लॅट विकायला काढला की मालक आधी रंग लावून घेतो. ओलीचे डाग, पोपडे, बारीक तडे त्याखाली झाकले जातात. मग ओलावामापक कामाला येतो. त्याच्या दोन पिना गिलाव्यात रोवल्या की त्यांच्यामधला विद्युतरोध कळतो. गिलावा ओला असेल तर हा रोध झपाट्याने घटतो. पण भिंतीत क्षार साठले असतील तरीही तो घटतो. यंत्र मोजतं रोध. पाण्याचा अंदाज आपण बांधतो.

घर तपासण्याची बहुतेक साधनं अशीच अप्रत्यक्ष उत्तरं देतात. बाष्पीभवनामुळे ओला भाग थंड राहतो आणि थर्मल कॅमेऱ्यात उठून दिसतो. एसीचा झोत लागलेली कोरडी भिंतही तशीच दिसते. म्हणून कॅमेऱ्याने जागा हेरावी आणि ओलावामापकाने पडताळावी.

स्लॅब आणि कॉलमच्या बाबतीत तर ही पडताळणी टाळताच येत नाही. रिबाउंड हॅमरचा दांडा काँक्रीटवर दाबला की आतलं वजन किती उसळतं, त्यावरून मजबुतीचा अंदाज घेतात. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरतो आणि पृष्ठभाग आणखी टणक करतो. त्यामुळे जुनं काँक्रीट आहे त्याहून मजबूत भासतं. त्याच वेळी काँक्रीटची अल्कता घटते आणि सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो.

अल्कतेची ही घट किती खोल गेली, ते फिनॉल्फ्थॅलिन सांगतं. काँक्रीट ताजं फोडून त्यावर हे द्रावण फवारलं की अल्कता टिकलेला भाग गुलाबी होतो, गमावलेला बिनरंगी राहतो. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर धोका आहे. शिवाय काँक्रीटमधून जाणाऱ्या अल्ट्रासाउंड लहरींचा वेग पाहतात. सेकंदाला 4.5 किलोमीटरहून जास्त असेल तर काँक्रीट उत्तम, 3.5 हून कमी असेल तर शंकास्पद.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. टोकन देण्याआधी सोसायटीकडे तो अहवाल मागा. त्यात नुसते हॅमरचे आकडे असतील तर बाकीच्या चाचण्या का केल्या नाहीत, हे इंजिनिअरला विचारा. फॉल्स सीलिंग आणि नव्या टाइल्सचा खर्च त्यानंतरच ठरवा. स्लॅब एकदा झाकला की तपासायला पुन्हा तोडफोड करावी लागते.