शिकार संपली, रायफली राहिल्या

एका शिकाऱ्याला चार-चार बंदुका कशाला लागायच्या? कारण सावज बदललं की गोळी बदलते. तितरासाठी बारा बोअरची बंदूक: एका काडतुसात दोनेकशे छर्रे, पण ते लांबवर विखुरतात. सांबरासाठी रायफल. तिच्या नळीत आतून कोरलेल्या वळणदार खाचा गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती न डगमगता सरळ जाते. गव्यासाठी त्याहूनही जड गोळी.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागपूरभोवतीच्या जंगलांतली ही गरजच संपवली. हौस मात्र उरली. शस्त्र कायद्यातल्या १९८३च्या दुरुस्तीने माणशी तीन बंदुकांची मर्यादा घातली, २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. नेमबाजांना सवलत आहे. इतरांनी जादा शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. आजोबांची रायफलही या मोजणीत धरली जाते. अनेकांना ते जिवावर येतं, पण मला हा नियम योग्यच वाटतो. तेलपाण्याविना पडलेल्या नळीला पावसाळ्यात आतून गंज चढतो आणि अशी नळी बार काढताना फुटू शकते. आठवण जपायची तर परवान्यावरच्या दोन बंदुकांत त्या रायफलीला जागा द्यावी.