दुसरा फोटो लागू नये म्हणून

एक्स-रेचं बटण दाबायला क्षणही पुरतो. ते दाबण्याची पात्रता मिळवायला मात्र बारावी विज्ञाननंतर काही वर्षं घालवावी लागतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीत रेडिओग्राफीसाठी तीन वर्षं अभ्यास आणि वर इंटर्नशिप आहे. एवढ्या काळात शिकायचं तरी काय? विभागातले जुने तंत्रज्ञ याचं उत्तर ‘रिपीट’ या एका शब्दात देतात. फोटो बिघडला की पुन्हा काढायचा, म्हणजे रुग्णाला पुन्हा किरणं द्यायची. रिपीट येऊ न देणं हेच या शिक्षणाचं सार.

सुरुवात छातीच्या फोटोपासून होते. तो सर्वांत जास्त निघतो आणि सहज बिघडतो. रुग्णाची छाती डिटेक्टरला टेकवायची आणि ट्यूब पाठीमागे १८० सेंटिमीटरवर ठेवायची. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे ते डिटेक्टरजवळ येतं आणि त्याची सावली फुगत नाही. खाटेवरच्या रुग्णाचा फोटो समोरून घ्यावा लागतो, तेव्हा निरोगी हृदयही मोठं दिसू शकतं. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे खांद्याचे फरे फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. गळ्यातलं मंगळसूत्र, ताईत, ब्लाउजची पिन काढायला सांगायची. वेणीही वर बांधायची, कारण घट्ट वेणीची सावली फुफ्फुसाच्या टोकाशी पडली तर ती क्षयाच्या डागासारखी दिसू शकते. मग “आजी, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.” फोटोत श्वासपटलाच्या वर पाठीमागच्या दहा बरगड्या मोजता आल्या, तर आजींना सूचना नीट कळली असं समजायचं.

हाडांचे नियम वेगळे. लांब हाड असेल तर दोन्ही टोकांचे सांधे फोटोत यायला हवेत आणि एकमेकांशी काटकोनात दोन फोटो हवेत. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिलं की तुटलेलं निघू शकतं. अपघातातल्या रुग्णाच्या मानेला इजा असण्याची शंका असेल, तर त्याला वळवायचं नाही, ट्यूबच त्याच्याभोवती फिरवायची. डावं-उजवं दाखवणारं शिशाचं अक्षर प्रत्येक फोटोत हवंच. या सगळ्या पोझिशनची शिस्त ब्रिटिश रेडिओग्राफर के. सी. क्लार्क यांनी १९३९ मध्ये पुस्तकात बांधली. विद्यार्थी आजही त्या पुस्तकाला नुसतं ‘क्लार्क’ म्हणतात.

वर्गात भौतिकशास्त्र असतं. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात तेव्हा सुमारे ९९ टक्के ऊर्जेची उष्णता होते, एक्स-रे होतात ते उरलेल्या टक्क्यातून. केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) वाढवला की किरणं जास्त आरपार जातात, एमएएस (विद्युतप्रवाह गुणिले वेळ) वाढवला की त्यांचं प्रमाण वाढतं. स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथा हिस्सा होते. कंट्रोल पॅनेल दूर, शिशाच्या काचेआड का असतं, ते इथे कळतं.

ही खबरदारी फार मोठी किंमत देऊन आली. राँटगेनना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एक्स-रे सापडले, तेव्हा त्यांचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली ट्यूबसमोर आपलेच हात धरून चाचण्या घेत असे. हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो कर्करोगाने गेला. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा किरणबळींचं स्मारक उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात मारी क्युरींनी सुमारे दीडशे स्त्रियांना एक्स-रे काढायला शिकवलं, तेही संरक्षणाची साधनं तुटपुंजी असताना.

आजच्या विद्यार्थ्याच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, टीएलडी बॅज असतो. त्यातल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या मिळालेली मात्रा साठवून ठेवतात. तापवल्या की त्या प्रमाणात प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात मात्रा ३० च्या वर जाऊ द्यायची नाही. रुग्णाला मात्र असा बॅज नसतो. त्याच्या वाट्याच्या किरणांची काळजी बटणावर बोट ठेवणाऱ्यानेच घ्यायची.

एमआरआयमध्ये ही किरणं नसतात, पण धोका असतो, कारण चुंबक कायम चालू असतो. मुंबईतल्या एका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजन सिलिंडरसह आत गेलेल्या एका माणसाला चुंबकाने खेचून घेतलं आणि त्याचा जीव गेला. त्या खोलीच्या दारावर कोणाला अडवायचं, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

फिल्मच्या काळी एक कडक मास्तर फुकट मिळत असे. मात्रा जास्त झाली की फिल्म काळी, कमी झाली की पांढुरकी. डार्करूममधून बाहेर येताच चूक साऱ्या विभागाला दिसायची. डिजिटल यंत्र असं रागावत नाही. मात्रा कमी पडली तर चित्र दाणेदार होतं, पण जास्त झाली तर ते उलट अधिक स्वच्छ दिसतं. म्हणून हात नकळत वरच्या आकड्यांकडे झुकतो. कडा नंतर स्क्रीनवर कापता येतात, म्हणून किरणांची चौकट आधी लहान करायचा आळस होतो. रिपीटला फिल्म खर्च होत नाही, डार्करूममध्ये थांबावं लागत नाही. विद्यार्थ्याने दर वेळी मात्रेचा अंदाज देणारा एक्सपोजर इंडेक्सचा आकडा वाचावा असा आग्रह आता धरावा लागतो, तो यासाठीच.

चांगले विभाग नाकारलेले फोटो पुसून टाकत नाहीत, कारणासह जपतात आणि विद्यार्थ्यांसमोर मांडतात. अशा हिशेबात सर्वांत वर येणारं कारण बहुधा यंत्राचं नसतं, पोझिशनिंगचं असतं: खांदा तिरका, श्वास अर्धा, कोपर पुरेसं वळलेलं नाही. म्हणून नवं यंत्र आलं तरी विद्यार्थ्याला आधी कंट्रोल पॅनेलपाशी नेऊन चालत नाही. दुखऱ्या माणसाला न दुखवता हवं तसं उभं करता येऊ लागेपर्यंत त्याला रुग्णाजवळच शिकवावं लागतं.