जुन्या संगणकातील ई-मेल टपालाचे नव्या डिस्कवर स्थलांतर

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने खरेदी केलेला आणि आता प्लास्टिकचे आच्छादन घालून माळ्यावर ठेवलेला संगणक गोव्यातील पुष्कळ घरांत आढळतो. घरातील कोणी आखातात किंवा जहाजावर नोकरीस असता त्याने पाठविलेली पत्रे, मुलांच्या प्रवेशासंबंधी परदेशी विद्यापीठांशी झालेला पत्रव्यवहार, वडिलोपार्जित घराच्या वाटणीविषयी दूरदेशी असलेल्या भावंडांनी कळविलेली संमती, असा कितीतरी मजकूर त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठलेला असतो. नवा संगणक घेताना छायाचित्रांची आठवण सर्वांना होते. पत्रांची मात्र होत नाही. ई-मेलचे टपाल दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित असते आणि संकेतशब्द दिला की कोणत्याही यंत्रावर वाचता येते, अशी आजच्या अनुभवावरून झालेली समजूत त्यामागे आहे. आजच्या टपालाविषयी ती बव्हंशी बरोबर असली तरी त्या काळच्या टपालाविषयी चुकीची आहे. जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात न आल्यास त्याच्यासोबत एखाद्या कुटुंबाचा दशकभराचा पत्रव्यवहारही कायमचा जाण्याचा संभव असतो.

पत्रे डिस्कवरच का राहिली?

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे बहुसंख्य ग्राहकांना ही सेवा दूरध्वनीच्या तारेवरून मिळत असे व जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनीचे बिलही वाढत राही. साहजिकच जोडणी घ्यावी, आलेले टपाल झटपट उतरवून घ्यावे, जोडणी तोडावी आणि मग सावकाश वाचीत बसावे, हीच रीत काटकसरीची ठरली. या रीतीस अनुकूल अशी टपाल उतरविण्याची पद्धत 'पॉप-३' या नावाने ओळखली जाते. टपाल कचेरीत जाऊन आपल्या नावची सर्व पत्रे घरी आणावीत व कचेरीच्या खणात काहीही शिल्लक राहू नये, तसा हा प्रकार होता. पत्राची एक प्रत सर्व्हरवर राहू देण्याची सोय कार्यक्रमात होती. परंतु ती मुद्दाम निवडावी लागे आणि तेथील जागाही तुटपुंजी असे. २००४ च्या प्रारंभी हॉटमेलच्या विनामूल्य ग्राहकास अवघी २ मेगाबाइट जागा मिळत होती, याहूची ४ मेगाबाइट. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केल्यानंतरच हे चित्र पालटू लागले. त्यापूर्वीचे जपून ठेवण्याजोगे पत्र स्वतःच्या यंत्रावर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आज प्रचलित असलेल्या 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते व संगणकावर दिसते ती त्याची प्रत असते. तेव्हा स्थलांतराच्या खटपटीस लागण्यापूर्वी आपले जुने खाते कोणत्या पद्धतीचे होते, हे पाहून घेणे इष्ट. ते आयमॅप पद्धतीचे असून अद्याप चालू असेल, तर नव्या संगणकावर खाते उघडताच सर्व्हरवरील पत्रे आपोआप दिसतील; स्थानिक फोल्डरांत हलविलेल्या पत्रांचा तेवढा वेगळा विचार करावा लागेल. पॉप पद्धतीचे असेल, तर पुढील मजकूर अशांसाठीच आहे.

टपाल नेमके कोठे असते?

त्या काळी आपल्याकडील घरगुती संगणकांवर टपालासाठी आउटलुक एक्सप्रेस हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर वापरला जाई. तो १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीसोबत आला व त्याची सहावी, अखेरची आवृत्ती २००१ च्या विंडोज एक्सपीसोबत मिळाली. या कार्यक्रमात प्रत्येक टपालपेटीसाठी एक स्वतंत्र फाईल असे व तिच्या नावाच्या शेवटी 'डीबीएक्स' ही अक्षरे असत. आलेल्या पत्रांची एक, पाठविलेल्यांची दुसरी, 'घरचे', 'बँक', 'नोकरी' अशा नावांनी वापरणाऱ्याने केलेल्या प्रत्येक पेटीची आणखी एकेक. 'फोल्डर्स' या नावाची डीबीएक्स फाईल ही या सर्वांची अनुक्रमणिका. शेकडो पत्रे एकाच फाईलमध्ये असल्यामुळे ती फाईल हरवली वा बिघडली तर एक पत्र नव्हे, सगळी पेटीच जाते, हे लक्षात घ्यावयास हवे.

या फाइली ज्या जागी असतात ती सहज सापडण्याजोगी नाही, आणि बहुतेकांची फसगत होते ती येथेच. 'माय डॉक्युमेंट्स' या फोल्डरची प्रत घेतली म्हणजे सर्व काही आले असे समजले जाते. प्रत्यक्षात टपाल त्यात नसतेच. विंडोज एक्सपीमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात वापरणाऱ्याच्या नावाचा फोल्डर, त्यात 'लोकल सेटिंग्ज', पुढे 'ॲप्लिकेशन डेटा', त्यात 'आयडेंटिटीज', त्यात महिरपी कंसातील लांबलचक अक्षर-आकड्यांचा एक फोल्डर, पुढे 'मायक्रोसॉफ्ट' आणि सरतेशेवटी 'आउटलुक एक्सप्रेस', असा हा मार्ग आहे. वाटेतील 'लोकल सेटिंग्ज' हा फोल्डर लपविलेला असल्यामुळे लपलेल्या फाइली दाखविण्याची सूचना संगणकास आधी द्यावी लागते. घरातील दोघा-तिघांनी वेगवेगळ्या ओळखींनी कार्यक्रम वापरला असल्यास महिरपी कंसातील फोल्डरही तितकेच असतात; ते सर्व घ्यावेत. पत्तेवही याहून निराळी, 'डब्ल्यूएबी' अक्षरांनी संपणाऱ्या फाईलमध्ये व दुसऱ्याच ठिकाणी असते.

जुना संगणक अद्याप चालू होत असेल तर हा शोध सोपा होतो. आउटलुक एक्सप्रेसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स' व 'मेंटेनन्स' या क्रमाने गेल्यास 'स्टोअर फोल्डर' ही कळ मिळते व ती दाबताच टपालाचा संपूर्ण मार्ग समोर येतो. मात्र असा संगणक इंटरनेटला जोडू नये. विंडोज एक्सपीला निर्मात्याकडून मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी संपुष्टात आले आहे.

आधी प्रत, मग वाचन

संगणक चालूच होत नसेल तरीही निराश होण्याचे कारण नाही. यंत्र बिघडले म्हणजे डिस्क बिघडली असे नव्हे. आमच्याकडील दमट हवेत आणि पावसाळ्यात आधी दगा देतो तो बहुधा वीजपुरवठ्याचा भाग किंवा मदरबोर्ड. अशा वेळी डिस्क बाहेर काढून ती यूएसबी जोडणीच्या अडॅप्टरने नव्या संगणकास लावता येते. डिस्क जुन्या 'आयडीई' पद्धतीची, म्हणजे रुंद चपट्या पट्टीने जोडलेली आहे की 'साटा' पद्धतीची, म्हणजे अरुंद तारेची आहे, हे पाहून अडॅप्टर घ्यावा. टेबलावरील संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठाही लागतो. डिस्क लावताच टकटक असा आवाज येऊ लागला तर ती तत्काळ बंद करावी. पुनःपुन्हा चालू करून पाहण्याच्या मोहात तिच्यावरील उरलासुरला मजकूरही नष्ट होतो.

नवा संगणक जुन्या फोल्डरात शिरण्यास परवानगी नाकारतो, हा अनुभव सर्रास येतो. फोल्डराची मालकी जुन्या संगणकावरील वापरकर्त्याच्या नावे नोंदलेली असल्याने तसे घडते. नव्या संगणकाच्या प्रशासक खात्यातून ती मालकी आपल्याकडे घेता येते. (फाइली मुळातच सांकेतिक रूपात बंद केलेल्या असल्यास मात्र जुन्या खात्याचे प्रमाणपत्र असल्याखेरीज त्या वाचता येत नाहीत.)

मार्ग मोकळा होताच पहिले काम एकच: संपूर्ण फोल्डर, एकही फाईल न वगळता, नव्या डिस्कवर उतरविणे. पत्रे उघडून पाहणे, नको ती गाळणे, क्रम लावणे हे सारे नंतर, आणि तेही प्रतीवर. यामागे तांत्रिक कारण आहे. आउटलुक एक्सप्रेसमध्ये खोडलेले पत्र लगेच नाहीसे होत नाही. जागा आटोपशीर करण्याची 'कॉम्पॅक्ट' ही क्रिया होईपर्यंत ते फाईलमध्येच पडून असते. जुना कार्यक्रम उघडताच तो कधी कधी स्वतःहून ही क्रिया करण्याविषयी विचारतो, आणि सवयीने होकार दिला जातो. क्रिया अर्धवट असताना वीज गेली की पेटी रिकामी झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. विंडोज एक्सपीच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत या क्रियेपूर्वीची प्रत 'बाक' अशा शेवटाने कचरापेटीत टाकण्याची व्यवस्था होती. म्हणून पूर्वी कधी टपाल नाहीसे झालेले असेल, तर जुन्या डिस्कवरील कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी तिच्यात अवश्य डोकवावे.

प्रत घेऊन झाल्यावर दोन्ही ठिकाणच्या फोल्डरांतील फाइलींची संख्या व त्यांचे आकारमान ताडून पाहावे. ज्यांनी पूर्वीच आपले टपाल सीडीवर उतरवून ठेवले आहे त्यांना आणखी एक अडचण भेडसावते. सीडीवरून परत घेतलेल्या फाइलींवर 'केवळ वाचनासाठी' ही खूण कित्येकदा कायम राहते व त्यामुळे त्या टपालाच्या कार्यक्रमात आणता येत नाहीत. फाईल बिघडली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती खूण तेवढी काढून पाहावी.

नव्या कार्यक्रमात आणणे

विंडोजच्या व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत आउटलुक एक्सप्रेस नाही व डीबीएक्स फाईल आजचे कार्यक्रम सरळ वाचीत नाहीत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जुना संगणक चालू असतानाच पेटीतील सर्व पत्रे निवडून ती माउसने ओढून एका साध्या फोल्डरात सोडणे. असे करताच प्रत्येक पत्राची 'ईएमएल' प्रकारची स्वतंत्र फाईल तयार होते. हा प्रकार सर्वमान्य असून आजचे बहुतेक टपाल कार्यक्रम तो वाचतात. जुना संगणक बंदच पडला असेल, तर डीबीएक्स फाईलमधून ईएमएल पत्रे सोडवून देणारा 'अनडीबीएक्स' हा विनामूल्य कार्यक्रम उपलब्ध आहे. सुटी झालेली पत्रे मोझिलाच्या थंडरबर्डमध्ये 'इंपोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी' या जोडकार्यक्रमाद्वारे एकगठ्ठा भरता येतात.

जुने टपालच थंडरबर्डमध्ये असेल तर काम निम्मे हलके. त्याचा 'प्रोफाइल' नावाचा फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकावर नेला की पत्रे, पत्ते, खात्यांची मांडणी सर्व एकदम येते. मायक्रोसॉफ्ट आउटलुकचे टपाल 'पीएसटी' फाईलमध्ये असते. ही फाईल ४ गिगाबाइटांहून मोठी असल्यास 'फॅट-३२' पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, मग त्यावर कितीही जागा मोकळी दिसो.

मराठी पत्रांच्या बाबतीत एक विशेष खबरदारी घ्यावी लागते, तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या विशिष्ट फाँटमध्ये लिहिला जाई. त्या फाईलमध्ये प्रत्यक्षात साठविलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम फाँट करतो. फाँट नसलेल्या संगणकावर असे पत्र किंवा त्यासोबतचे जोडपत्र निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसते आणि बिघडले म्हणून टाकून दिले जाते. ते बिघडलेले नसते. जुन्या डिस्कवरील 'विंडोज' फोल्डरातील 'फाँट्स' हा उपफोल्डर टपालासोबतच उतरवून घेतल्यास मजकूर पुन्हा वाचता येतो व पुढे सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरितही करता येतो.

पुराव्याचे मूल्य

एवढा खटाटोप करण्यापेक्षा महत्त्वाची पत्रे छापून ठेवावीत, किंवा आपल्याच नव्या पत्त्यावर पुन्हा पाठवून द्यावीत, असे पुष्कळजण सुचवितात. स्मरणासाठी ते पुरेसे असेल. हक्कासाठी नाही. प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर, सहसा न दिसणारी, शीर्षमाहिती असते. पत्र कोणत्या पत्त्यावरून निघाले, कोणकोणत्या सर्व्हरमधून आणि किती वाजता गेले, याची ती नोंद होय. छापील कागदावर ती बहुधा येत नाही, आणि पुन्हा पाठविलेल्या पत्रावर प्रेषक व दिनांक नवे पडतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याविषयी ज्या अटी घातल्या आहेत त्यांत हाच विचार आहे: अभिलेख पुढेही पाहता यावा, तो मूळ स्वरूपात किंवा मूळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असावा, आणि त्याचा उगम, गंतव्य व पाठविल्याचा अथवा पोहोचल्याचा दिनांक व वेळ ओळखता यावी.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक अभिलेख सादर करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या अभिलेखाचे 'हॅश' मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाईलमधील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण. एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती काढता येते. वाटणी, सेवानिवृत्तिवेतन, विमा अशा विषयांवरील पत्रव्यवहार ज्यांच्या डिस्कवर आहे त्यांनी प्रत घेताच, ती एकदाही उघडण्यापूर्वी, प्रत्येक फाईलची ही खूण काढून दिनांकासह लिहून ठेवावी. टपाल कार्यक्रमात उघडताच डीबीएक्स फाईल बदलू शकते व मग मूळ खूण जुळत नाही.

स्थलांतर यशस्वी झाल्यावरही जुनी डिस्क लगोलग टाकून देऊ नये. नव्या डिस्कवरील प्रत, बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर तिची आणखी एक प्रत, आणि काही महिने तरी मूळ डिस्क, अशा तीन ठिकाणी टपाल असू द्यावे. मूळ डिस्क कोरड्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह, वर नाव व वर्ष लिहून ठेवली की पुरे. पुढे ती निकालात काढताना केवळ फाइली खोडून भागत नाही, कारण खोडलेला मजकूर परत मिळविता येतो. संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून जुना झाकणारा कार्यक्रम चालवावा आणि मगच ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावी.