बालवयातील आघात आणि मेंदूची वाढ

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भीषण भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती व गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपी गेले होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली दबून मृत्यू पावली. धक्का शेजारच्या बीदर व गुलबर्गा जिल्ह्यांतही जाणवला. नौबाद आणि सीमाभागातील वडीलधाऱ्या मंडळींना त्या दिवसांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पडलेली घरे मोजता आली, त्यांची भरपाईही ठरविता आली. परंतु ज्या मुलांनी आईवडील गमावले, त्यांच्या मनाला व मेंदूला पोहोचलेली इजा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. या इजेचे स्वरूप काय असते, याविषयी शास्त्राला आता बरीच माहिती झाली आहे.

जन्माच्या वेळी बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण एकचतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते. या काळात मेंदूतील पेशींचे परस्परांशी असंख्य जोड निर्माण होतात. जे वापरात राहतात ते बळकट होतात, बाकीचे क्षीण होऊन गळून पडतात. मूल हुंकार देते, आई त्यास उत्तर देते, मूल हसते. या साध्या देवघेवीतूनच ही जडणघडण होत असते.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. छातीत धडधडते, अंग सावध होते. प्रसंग टळल्यावर व कोणी जवळ घेतल्यावर हे द्रव्य पुन्हा कमी होते. एवढ्याने काही अपाय होत नाही. मात्र घरात रोजची मारहाण, वडिलांचे व्यसन, उपासमार किंवा मायेच्या माणसाचा दीर्घ वियोग असेल आणि धीर देणारे कोणीच नसेल, तर शरीराची ही सावधगिरी शमतच नाही. अशा मुलांत धोक्याची सूचना देणारा मेंदूचा भाग अतिदक्ष बनतो, तर स्मरण ठेवणारा आणि कपाळामागील विचार व संयमाचा भाग यांच्या वाढीवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो.

वर्गात याचे रूप कसे दिसते? दार आपटले की मूल दचकते. शिकविलेले लक्षात राहत नाही. क्षुल्लक कारणावरून ते अंगावर धावून जाते, अथवा दिवसभर गप्प बसते. आपल्याकडे अशा मुलास ‘द्वाड’ वा ‘मठ्ठ’ ठरवून छडी उगारण्याची सवय अद्याप पुरती गेलेली नाही. छडीने त्याच्या मेंदूला एवढेच कळते की, शाळा हेही भिण्याचेच ठिकाण आहे.

झालेली हानी भरून येते काय? पुष्कळ अंशी येते. जितक्या लवकर प्रयत्न होतील तितकी अधिक. रुमानियातील अनाथालयांत पुरेशा मायेवाचून वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास इ. स. २००० नंतर सुरू झाला. त्यांपैकी निम्म्या बालकांना संगोपनासाठी कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्यांची प्रगती चांगली झाली आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत गेलेल्यांना विशेष लाभ झाला. जमैकामध्ये १९८०च्या दशकात, खुरटलेल्या बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसे खेळावे, बोलावे हे त्या मातांना दाखवीत. वीस वर्षांनंतर ही मुले, अशी मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक कमावीत असल्याचे आढळून आले. खर्च बेताचा, साधने घरचीच. आपल्या अंगणवाडी सेविकेला हे अगदीच अपरिचित वाटणार नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात स्थानिक वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले होते.

भूकंपानंतर नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले आणि भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. निवारा, अन्न व शाळा यांची तेथे सोय झाली. अशा सोयींचा मोठा गुण म्हणजे दिवसाला क्रम येतो. उद्या सकाळी काय होणार हे मुलास ठाऊक असणे, हाही उपचारच होय.

भूकंप क्वचित होतो. वियोग मात्र सीमाभागातील अनेक घरांत दरवर्षी येतो. आईवडील मजुरीसाठी हैदराबादकडे वा ऊसतोडीस जातात आणि मूल आजीपाशी राहते. याचा दोष पालकांना देणे अन्यायाचे ठरेल. जाण्यापूर्वी कधी परतणार हे मुलास खरे सांगावे, चुकवून निघून जाऊ नये. ठरलेल्या वारी दूरध्वनीवर बोलावे. आजीने रात्री गोष्ट सांगावी. शिक्षकांनी अशा मुलास नावाने हाक मारून रोज एखादे छोटे काम सोपवावे. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेण्यात आला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतूनही सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे माणूस होते. ते माणूस आईवडीलच असावे असे नाही.

नौबादच्या करेजमधील गाळ उपसल्यावर भुयारात पुन्हा पाणी दिसू लागले. मुलांच्या बाबतीत मात्र एका मोसमात फळ दिसेल अशी अपेक्षा धरू नये. भयस्वप्ने, अंथरुणात लघवी होणे, बोलणे थांबणे किंवा स्वतःस इजा करणे ही लक्षणे महिनाभर टिकल्यास अंगारेधुपारे करीत वेळ न दवडता मुलास जिल्हा रुग्णालयात दाखवावे. मूल स्वतःस इजा करीत असल्यास महिनाभरही थांबू नये. मानसिक आरोग्याविषयीचा सल्ला ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळतो. मुलास मारहाण होत असल्याचे किंवा ते निराधार असल्याचे दिसल्यास कोणाही नागरिकास १०९८ या क्रमांकावर कळविता येते.