तक्रार व्हायरल झाली, तर तुमचं पहिलं वाक्य काय असेल?

समजा, नालासोपाऱ्यात तुमचा घरगुती केकचा व्यवसाय आहे. रात्री साडेनऊला एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. तुमच्या केकवर बुरशी, सोबत तुमच्या दुकानाचं नाव. दहा मिनिटांत तो फोटो नायगावपासून विरारपर्यंत फिरतो. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काय लिहितात? "आमच्याकडे असं होऊच शकत नाही."

इथेच घोळ होतो बरं का! कारण हे वाक्य तुमच्याबद्दल आहे. ज्याच्या घरी तो केक गेला, त्याच्याबद्दल नाही.

आपल्या विरारचंच उदाहरण घ्या. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि डझनाहून अधिक करोना रुग्ण दगावले. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मृतांच्या नातेवाइकांसाठी मदत सांगितली. पण त्याच बोलण्यात, ही काही राष्ट्रीय बातमी नाही, अशा अर्थाचं वाक्य येऊन गेलं. लोक भडकले. मदतीचा आकडा मागे पडला आणि ते एक वाक्य देशभर गेलं. समोर माणसं गेलेली असताना, घटना किती मोठी हे मोजायचं नसतं.

आता धंद्यातलं उदाहरण बघू. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीने सुरुवातीला बोट दाखवलं दुकानदारांच्या साठवणुकीकडे. त्यात तथ्य असेलही. पण मुलाच्या हातात अळीचं चॉकलेट देणाऱ्या आईला चूक कोणाची याच्याशी काय देणंघेणं? विक्री चांगलीच घसरली.

मग कंपनीने सूर बदलला. 'प्रोजेक्ट विश्वास' सुरू करून दुकानदारांना साठवणुकीची माहिती दिली. जानेवारी २००४ मध्ये जास्त घट्ट बंद होणारं नवं पॅकिंग आणलं. त्यानंतर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. क्रम लक्षात घ्या: आधी पॅकिंग बदललं, मग ते बदल सांगायला मोठा चेहरा आला. गिऱ्हाईक परत आलं.

तुमच्याकडे बच्चनसाहेब नाहीत, पण क्रम तर तोच ठेवता येतो. पहिल्या तासात चारच गोष्टी सांगा:

१. काळजी: "ताई, घरी सगळे बरे आहेत ना? तुम्हाला त्रास झाला, याचं वाईट वाटतं."
२. माहिती: जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच. अंदाज नको.
३. कृती: "त्या दिवशीच्या बॅचची विक्री थांबवली आहे. पैसे आजच परत करतो."
४. वेळ: "उद्या दुपारी बारापर्यंत कारण शोधून इथेच सांगतो." आणि बाराला सांगाच, कारण सापडलं नसलं तरी.

काही गोष्टी मात्र टाळा. वाईट कमेंट उडवू नका, लोकांकडे आधीच स्क्रीनशॉट असतो. नातेवाइकांना पाच स्टार द्यायला लावू नका. पोरगा काउंटरवर एक सांगतोय आणि तुम्ही ग्रुपवर दुसरंच, असं नको. उत्तर एकानेच द्यायचं.

आणि तक्रार खोटी असेल तर? सुरुवात तीच ठेवा, काळजीनेच. मग शांतपणे बिल, बॅच नंबर, तारीख दाखवा. म्हणूनच प्रत्येक बॅचची नोंद आणि नमुना आजपासून ठेवा. आयत्या वेळी पुरावा तयार करता येत नाही.

मोठी कंपनी एक दिवाळी गमावूनही उभी राहते. आपलं गिऱ्हाईक मात्र स्टेशनच्या अलीकडे-पलीकडेच राहतं आणि रोज एकमेकांना भेटतं. तेव्हा हे चार मुद्दे तुमच्या शब्दांत लिहून आजच मोबाईलमध्ये ठेवा. डोकं शांत असताना लिहिलेलं, डोकं तापल्यावर उपयोगी पडतं.